एकच हात ओला

खरोखर कोळी चावलेली माणसं थोडी, आणि कोळी चावला असं वाटणारी ढीगभर. विषबाधेच्या मदत-फोनवर बसून बसून ताईला हे इतकं पाठ झालं होतं की आता त्याचं हसूही येत नसे. गळू झालं, कोळी चावला. दाढी करताना कापलं, कोळी चावला. गादीत ढेकूण झाले तरी नाव कोळ्याचंच. तो बिचारा कुठल्या तरी कोपऱ्यात जाळं विणत बसलेला असतो, त्यानं बापजन्मी त्या माणसाचं तोंड पाहिलेलं नसतं!

त्या दिवशीही सकाळपासून तेच दळण चालू होतं. एका बाईनं बाथरूममधून फोन केला.

"अहो, भिंतीवर कोळी आहे."

"चावला का?"

"नाही, पण माझ्याकडे बघतोय."

"बघू दे त्याला. तुम्ही बाहेर या आणि दार लावून घ्या," ताई म्हणाली.

दुसऱ्या एका गृहस्थाच्या मांडीला पुळी झाली होती आणि त्यांना मरणाच्या आधी मुलांना बोलावून घ्यावं की नाही एवढंच विचारायचं होतं. त्यांना समजावता समजावता ताईच्या घशाला कोरड पडली. ती पूर्वी मोठ्या दवाखान्यात नर्स होती. गुडघे बोलायला लागले तसं तिनं उभ्याचं काम सोडलं आणि या फोनच्या खुर्चीवर येऊन बसली. बसून काम, डोक्याला ताप नाही, असं सगळे म्हणाले होते. सगळ्यांचं काय जातंय म्हणायला! सकाळची पाळी तिची होतीच, दुपारच्या पाळीची मुलगी आजारी पडली म्हणून तीही हिच्याच गळ्यात आली. पलीकडच्या टेबलावर औषधवाले काका होते. ते आयुष्यभर औषधाच्या दुकानात काम करून निवृत्त झालेले, आणि सावकाश बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एखाद्यानं फिनेल प्यालेलं असलं तरी काका आधी त्याची चौकशी करायचे, मग फिनेलची.

ताईची पद्धत वेगळी. ती प्रश्न विचारायची, पण उत्तरापेक्षा आवाज ऐकायची. चावलं तिथे दुखतंय की दुखणं वर सरकतंय? पोट, छाती, पाठ लाकडासारखी कडक वाटतेय का? घाम कुठे येतोय? माणूस पडून आहे की नुसता येरझाऱ्या घालतोय? काळा तकतकीत कोळी, पोटाखाली लाल ठिपका, तो चावला तर जखम दिसतही नाही धड, टाचणी टोचल्यासारखं होतं आणि माणूस कामाला लागतो. तासाभरानं अंगातले स्नायू एकेक करून आवळायला लागतात, तेव्हा कुठे कळतं. माणूस सहसा त्यानं मरत नाही. पण म्हातारं असेल, लहान मूल असेल, रक्तदाबवाला असेल तर मात्र खेळ नको.

दुपार कलली तेव्हा ताईनं डबा उघडला, आणि उघडला की फोन वाजायचाच, तसा तो वाजला.

"हॅलो, विषबाधा मदत. बोला."

"हॅलो. मॅडम, कोळी चावला तर दवाखान्यात कधी जायचं असतं हो?"

ताईचा घास हातातच राहिला. आवाज वहिनीचा होता. तिच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या बायकोचा. आई गेल्यापासून त्या घराशी बोलणं बंद होतं, पण आवाज काय विसरायची वस्तू आहे? आणि वहिनीनंही ओळखलं होतं. तिचा श्वास मध्येच अडकला, तो ताईला स्पष्ट ऐकू आला. तरी ती पुन्हा "मॅडम" म्हणाली, तेव्हा ताईला कळलं की दादा शेजारीच बसलाय आणि त्याला कळू द्यायचं नाहीये.

"कोणाला चावला?" ताई परक्यासारखं म्हणाली.

"माझ्या मिस्टरांना. ते प्लंबर आहेत. सकाळी एकाकडे पाण्याच्या मीटरच्या पेटीत हात घातला होता. काहीतरी टोचलं म्हणे. काळा होता, वाटाण्याएवढा. यांनी झटकून टाकला आणि पुढच्या कामाला गेले."

"आता कसं वाटतंय त्यांना?"

मागून एक घोगरा आवाज आला. "काही नाही म्हणून सांग. आणि ठेव तो फोन. लोकांना कामं असतात."

हे "काही नाही" ताईला चांगलंच ठाऊक होतं. ते त्यांच्या घरात पाण्यासारखं वापरलं जाई. वडील भारी शिस्तीचे. त्यांच्या राज्यात कण्हणं हा गुन्हा होता. पडलास? ऊठ. काय झालं? काही नाही. एवढंच उत्तर चालायचं. दादानं एकदा शाळेतून येताना हात मोडून घेतला, तर पोरगं रात्री जेवायला डाव्या हातानं बसलं, आणि वडिलांनी डाव्या हातानं जेवतोस म्हणून त्याला रागावून घेतलं. तेव्हाही तो "काही नाही" म्हणाला. वहिनी लग्न होऊन या घरात आली ती हसून-रडून मोठी झालेली, चारचौघांसारखी. पहिल्याच महिन्यात तिनं विचारलं होतं, "तुम्हाला कोणाला दुखतच नाही का हो? का सगळे सुताराकडून करून आणलेत?" आई तेव्हा पदरानं तोंड झाकून हसली होती.

आणि आईनंच हे व्रत शेवटपर्यंत पाळलं. पोटात गाठ वाढत होती आणि ती "काही नाही रे, अपचन आहे" म्हणत होती. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात ताई दादाला म्हणाली होती, "तू घरात होतास. तुला दिसलं नाही? आंधळा होतास?" दादानं उत्तर दिलं नव्हतं. तेव्हापासून त्यानं कशाचंच उत्तर दिलं नव्हतं.

"बाई, असं करा," ताई वहिनीला म्हणाली, "त्यांनी काय सांगितलं ते मला नको. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. बसलेत की फिरतायत?"

"बसतात आणि उठतात. उठतात आणि बसतात. मघाशी आडवे झाले तर लगेच उठले. आणि मॅडम, यांचा उजवा हात बघा ना, चावलाय तो. पुसते तर परत ओला. डावा हात कोरडा ठणठणीत आहे. अंगावर त्याच बाजूला काटा आलाय. हे म्हणतात नळाचं पाणी आहे. आता घरात बसलेल्या माणसाच्या हाताला नळाचं पाणी कुठून येणार?"

ताईनं डबा बाजूला सारला. एकच हात ओला. ही खूण कोणी अंदाजानं सांगत नाही, ती पुळीवाल्या गृहस्थांना कधी सुचली नसती.

"छातीवर हात ठेवून बघा. कडक लागतेय?"

थोडा वेळ नुसती सळसळ. मग दादाचा आवाज, "अगं काय चाललंय तुझं!" आणि मग वहिनी, रडवेली: "फळीसारखी लागतेय हो. पाठसुद्धा. आणि यांना बीपी आहे, गोळी चालू आहे."

"त्यांना आत्ता दवाखान्यात न्या. हात साबणानं धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा, वर घट्ट काही बांधू नका, कापाकापी करू नका. आणि निघा."

"ते येत नाहीत हो," वहिनी म्हणाली. "मघापासून तेच तर सांगतेय. म्हणतात, असल्या किड्यानं दवाखाना गाठायचा म्हणजे हसतील लोक."

ताईनं डोळे मिटले. ती फार थकली होती. सकाळपासून ज्यांना काही झालं नव्हतं अशा सगळ्यांना तिनं धीर दिला होता, आणि ज्याला झालं होतं तो येत नव्हता. नियमाप्रमाणे तिचं काम इथे संपत होतं. सल्ला दिला, पुढे ज्याचं त्यानं बघावं. पण ज्याचं त्यानं बघावं म्हणत म्हणतच त्या घरातलं एक माणूस गेलं होतं.

"फोन स्पीकरवर टाका," ती म्हणाली. "दादा, मी बोलतेय."

 औषधवाल्या काकांनी मान वळवून बघितलं, कारण या फोनवर कोणी कोणाला दादा म्हणत नाही.

"चिमी?" दादा म्हणाला. पन्नाशी उलटलेल्या बाईला चिमी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता.

"हो. दवाखान्यात जा."

"मला काही झालेलं नाही. आणि तुला कशाला त्रास? तू तुझं काम कर."

"हेच माझं काम आहे."

"मग दुसऱ्या कोणाचं तरी कर." त्याचा आवाज मध्येच तुटला. दात आवळून तो पुढे म्हणाला, "मी आंधळा माणूस, मला काय कळतंय."

लागलं. जिथे लागायला हवं होतं तिथेच लागलं. त्यानं ते जिन्यातलं वाक्य इतके दिवस सांभाळून ठेवलं होतं, आणि ताईला वाटलं, ठेवलं असेल नाहीतर काय! आपण तरी कुठे परत घेतलं?

"दादा, ऐक माझं."

"नाही, तूच ऐक. मी रोज विचारायचो तिला. सकाळी चहा देताना विचारायचो, कामावरून आल्यावर विचारायचो. म्हणायची, काही नाही. पोट धरून उठायची आणि म्हणायची काही नाही. मी काय करायला हवं होतं गं? उचलून न्यायला हवं होतं तिला?"

"तुला काही करता आलं नसतं," ताई म्हणाली. "मी नर्स होते दादा. दर रविवारी येत होते. माझ्यासमोर बसून तिनं भाजी निवडली आणि मलाही म्हणाली काही नाही. मला दिसलं नाही ते तुला कुठून दिसणार? मी रागात बोलले. चुकले मी. ते वाक्य मी परत घेते, तू उद्या माझ्याशी बोल नाहीतर बोलू नकोस, पण आत्ता ऊठ. उद्या वहिनीला तुझ्याबद्दल उत्तरं देत बसायला लावू नकोस. तिला तरी तो जिना नको."

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"चपला कुठे आहेत माझ्या?" दादा म्हणाला. "आणि शेजारच्यांची गाडी मागू नकोस. बस आहे."

"बस मेली!" वहिनी ओरडली. तिनं फोन न ठेवताच शेजाऱ्यांचं दार बडवलं, ते ताईनं ऐकलं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते तिलाच ठाऊक. फोन येत होते, ती घेत होती. कोणाच्या मुलानं पेन्सिलचं टोक खाल्लं होतं. कोणाला झुरळाच्या औषधाचा वास डोक्यात गेल्यासारखा वाटत होता. ती सगळ्यांना नीट उत्तरं देत होती आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटत होतं. काकांनी न सांगता तिच्यासमोर चहाचा कप आणून ठेवला. "कोण?" एवढंच त्यांनी विचारलं. "भाऊ," ती म्हणाली. काकांना लांबलचक चौकशी करायची सवय, पण ते परत जाऊन आपल्या जागी बसले.

ऊन खिडकीतून निघून गेलं तेव्हा पुन्हा वहिनीचा फोन आला. या वेळी मॅडमबिडम काही नाही.

"ताई, काही खरं नाही हो यांचं! मी खिडकीवर नाव नोंदवत होते, तेवढ्यात यांना आत घेतलं. छाती आवळते म्हणून हृदयाची पट्टी काढली, ती चांगली आली. मग डॉक्टरांनी विचारलं, दहापैकी किती दुखतंय? तर हे म्हणाले, दोन! कोळी चावलाय हे सांगितलंच नाही. म्हणाले, वय झालं, कामाचा शीण आहे. आता बाहेर बाकावर बसवलंय. समोर इतकी गर्दी आहे, सगळे विव्हळतायत, यांच्याकडे कोण बघणार? बीपी मोजलं ते फार वर गेलंय म्हणे, पण घाबरल्यानं असेल म्हणाले. ताई, यांना बाकावर बसवत नाहीये. भिंतीला टेकून उभे आहेत आणि बोटं पांढरी पडेपर्यंत खिडकीचा गज धरलाय."

"डॉक्टरांना फोन द्या."

"ते दुसऱ्या पेशंटपाशी आहेत."

"वहिनी, घुसा. या घरात तुम्हालाच तेवढं ओरडता येतं. तुम्ही ओरडा."

आणि वहिनी ओरडली. फोन हातात धरून ती पडद्याच्या आत शिरली असावी, कारण आधी एका परिचारिकेचा राग ऐकू आला, मग भांडं पडल्याचा, आणि मग एका तरुण, दमलेल्या माणसाचा आवाज.

"कोण बोलतंय?"

ताईच्या ओठांवर विषबाधा मदतकेंद्राचं नाव आलं होतं. तेच रोज येतं. "मी त्यांची बहीण," ती म्हणाली. "मी विषबाधेच्या फोनवर असते. डॉक्टर, त्यांना सकाळी मीटरच्या पेटीत काळा कोळी चावलाय. त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. त्यांचा उजवा हात बघा, घामानं निथळतोय. डावा कोरडा आहे. दोन्हींची तुलना करा."

"ते दहापैकी दोन म्हणाले." डॉक्टरांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. "बाई, इथे प्रत्येक जण मला दहापैकी बारा सांगतो. एक माणूस दोन म्हणाला, तर मी देवाचे आभार मानून त्याला बसवलं."

"बरोबरच केलंत. मीही तेच केलं असतं." आणि हे तिनं अगदी मनापासून म्हटलं, सकाळपासून तीही बारावाल्यांचेच फोन घेत होती. "पण आमच्या घरी दहापैकी दोन असं कोणी म्हणत नाही. आमच्याकडे नुसतं काही नाही म्हणतात. तो दोन म्हणाला म्हणजे त्याला आता सहन होत नाहीये."

 डॉक्टरांनी कोणाला तरी हाक मारली, आणि फोन वहिनीच्या हातात परत आला. तिला तो बंद करायचं सुचलं नाही. पावलं ऐकू आली, पडदा ओढताना कड्यांची खळखळ. "काका, इकडे या, झोपा." "झोपवत नाही." "मग बसा. हात दाखवा. दुसरा. अरे बाप रे." मग डॉक्टर कोणाला तरी औषधांची नावं भराभर सांगू लागले, आणि तो आवाज आता दमलेला वाटत नव्हता.

"काका, मी पाठीवर दाबतोय. दुखलं तर सांगायचं."

"काही नाही."

"इथे?"

"काही नाही."

ताईनं कानाला फोन इतका दाबून धरला होता की कान बधिर झाला. "वहिनी," ती म्हणाली, "फोन त्याच्या कानाशी धरा."

श्वास ऐकू आला. लोहाराच्या भात्यासारखा, आणि मध्ये मध्ये अडकणारा.

"दादा, बाबा नाहीत आता," ताई म्हणाली. "आईपण नाही. कोणी रागावणार नाही रे. ओरड."

"लोक आहेत इथे, चिमे."

"असू देत. त्यातल्या कोणा मेल्याला ओळखतोस तू? दादा, डॉक्टर दाबतील तिथे दुखतंय हे त्यांना कळलंच नाही, तर ते औषध किती देणार? माझ्यासाठी ओरड. मी दूर आहे, मला दिसत नाहीये. मला ऐकू तरी येऊ दे."

डॉक्टरांनी पुन्हा कुठेतरी दाबलं असावं.

आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला, घशातच गिळलेला. मग दुसरा, गिळता न आलेला. आणि मग दादा ओरडला. "आई गं!" म्हणून असा ओरडला की ताईला फोन कानापासून लांब धरावा लागला, पलीकडच्या टेबलावर औषधवाले काका खुर्चीतून अर्धे उठले, आणि दवाखान्यातली विव्हळणारी सगळी गर्दी एकदम गप्प झाली असावी, कारण त्यानंतर फक्त त्याचाच आवाज येत होता. मोडलेल्या हाताचं, वडिलांचं, जिन्याचं, सगळं मागे राहिलेलं त्यात होतं. साठीला आलेला गडी लहान पोरासारखा रडत होता.

"दुखतंय गं चिमे," तो म्हणाला. "फार दुखतंय."

"हो रे," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं. "हो रे राजा. सांग त्यांना. कुठे कुठे दुखतंय ते सगळं सांग. मी निघाले."

तिनं फोन ठेवला. शेजारचा लगेच वाजला. काका हात लांब करून तो उचलत होते आणि दुसऱ्या हातानं तिला दाराकडे जायची खूण करत होते. ताई उठली, गुडघ्यातून कळ आली, आणि ती मोठ्यानं "अगं आई गं" म्हणाली.